मालकिणीनं हात लावायचा नाही

…आणि वर मलाच सांगतात, हात मागे धरून उभ्या राहा! नाही, तुम्हीच सांगा, शिवणाचं दुकान माझं, मशीन माझं, कात्री माझी, पाटीवर नाव माझ्या पोरीचं, आणि मीच सुईला हात लावला की गुन्हा! सरका जरा, बसते. तुम्हीपण साहेबांकडेच आलात ना? राहायचे कागद नाहीत, नोकरी कुणी देत नाही, म्हणून म्हटलं स्वतःचा काहीतरी धंदा काढावा… अहो, चेहऱ्यावरच दिसतंय! मीपण ह्याच बाकावर बसले होते, अशीच, पिशवी मांडीवर घट्ट धरून. तुमचा नंबर यायला वेळ आहे, ऐका तोवर. मालकीण होते हो मी, मालकीण! आणि मालकिणीनं हात लावायचा नाही!

तर आम्ही ह्या परक्या मुलखात आलो ते चांगले कायदेशीर आलो होतो हां, चोरून-बिरून नाही. आमच्या ह्यांना कारखान्यात नोकरी होती, नोकरीला कागद बांधलेला, कागदाला मी बांधलेली. पुढे कारखान्याला टाळं लागलं आणि त्याच कुलपात आमचा कागद अडकला. झालं! काल नमस्कार करणारा घरमालक आज डोळे वटारून बघायला लागला. परत का नाही गेलात, असं सगळे विचारतात, तुम्हीपण विचारणारच होतात, तोंड उघडलंतच… अहो, होतं नव्हतं ते घर विकून आलो, परत जाऊन उतरायचं कुठे? फूटपाथवर? आणि इथनं एकदा पाऊल बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! हे आता बाजारात खोकी उतरवायला जातात, कुणी 'चल' म्हणालं तर, नाहीतर तसेच परत येतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात.

आणि आमची ठमी तिकडे. माझ्या धाकट्या बहिणीकडे. 'कागद पक्के झाले की लगेच नेते' म्हणून ठेवलेली. निघाले तेव्हा माझ्या कमरेला लागत होती. आता म्हणे बहिणीच्या खांद्याला लागते. अख्ख्या गल्लीची मापं माझ्या डोळ्यांत, माणूस दारातनं आत आलं की मला कळतं छाती किती, बाही किती, आणि पोटच्या पोरीचं माप मला फोनवरनं घ्यावं लागतं! 'ताई, साधारण एवढी,' असं बहीण म्हणते. अगं एवढी म्हणजे केवढी? फोनवर हात करून दाखवते! दर वेळी फ्रॉक शिवून पाठवते, दर वेळी तो तोकडा होतो. पोर बोलत नाही काही, 'छान आहे गं आई' म्हणते, पण मला कळत नाही का? मी शिवणारीण आहे.

तर आले इथे. आत ते साहेब आहेत ना, भले गृहस्थ, कायद्याचा फुकट सल्ला देतात, चहापण विचारतात, त्यांना मी परंतुसाहेब म्हणते. का ते आत गेलात की कळेलच. म्हणाले, 'बाई, तुम्हाला नोकरी करता येणार नाही, परंतु धंद्याची मालकी घेता येईल. मालकी हा गुन्हा नाही.' माझा चेहरा असा उजळला! म्हटलं, साहेब, शिवणाचं दुकान काढते, हातात कला आहे. म्हणाले, 'जरूर काढा, परंतु शिवू नका.' म्हटलं, काय? 'मालकी चालते, परंतु काम चालत नाही. शिवणं हे काम झालं.' म्हटलं, बरं, मग खानावळ काढते. 'काढा, परंतु रांधू नका.' पाळणाघर? 'उत्तम! परंतु मूल उचलू नका.' अहो, आणि रडलं तर? 'नोकर उचलेल ना.' आणि नोकर चहाला गेला असला तर? तर म्हणे, 'तुम्ही देखरेख करा.' रडणाऱ्या पोराची देखरेख! म्हटलं, साहेब, गिऱ्हाईक आलं तर हसू का, की तेही काम? त्यांनी विचार केला हो, खरंच विचार केला. 'हसा. हसायला हरकत नाही. परंतु माप घेऊ नका.'

पण मग ते एक वाक्य बोलले. 'धंदा नीट चालला, कागद असलेल्या एका माणसाला त्यातून नोकरी मिळाली, की मालक म्हणून तुम्हाला राहायचा कागद मागता येतो. तो मिळाला की मुलीला आणता येतं.' मी कान देऊन ऐकलं. त्या वाक्यात परंतु नव्हतं.

अंगावरचं सोनं उतरलं आणि दुकान उभं राहिलं. केवढं? तर कपडे धुणाऱ्याचं दुकान आणि किल्ल्या करणाऱ्याचं दुकान ह्यांच्या मधली ती फट! पुढे काच, काचेपाशी मशीन, कोपऱ्यात कपडे घालून बघायची आडोशाची जागा, आणि मागे पडदा. वर पाटी, पाटीवर ठमीचं खरं नाव, पाळण्यात ठेवलेलं. आता राहिला प्रश्न कागदवाला नोकर कुठनं आणायचा. आणि घरात होते ना! आमचे भाऊजी! ह्यांचा धाकटा भाऊ. आमच्या आधी कितीतरी वर्षं आलेला, नियम सैल होते तेव्हा, सगळे कागद पक्के. कागद आहेत, बाकी काही नाही. अहो, आम्ही तिघं एकाच खोलीत झोपतो, हे घोरतात आणि भाऊजी घोरतात, पण ह्यांचं घोरणं बेकायदेशीर आणि भाऊजींचं कायदेशीर, छाती काढून!

भाऊजींना आयुष्यात सुईत दोरा ओवता आलेला नाही. शर्टाचं बटण तुटलं तर ते शर्ट बदलतात. पण नोकर तेच! मी मालकीण! आणि दीर म्हणजे मानाचा, त्याला अरे-तुरे कसं करायचं? कुठल्या मालकिणीनं नोकराला अशी हाक मारलीय सांगा, 'अहो भाऊजी, जरा उठता का, गिऱ्हाईक आलंय हो.' तर म्हणायचे, 'वहिनी, माझी चहाची वेळ आहे.' त्यांना चहाची वेळ, जेवणाची वेळ, आठवड्याची रजा, शिंक आली की आजारपणाची रजा, कायद्यानंच आहे म्हणे सगळं, परंतुसाहेबांनी वाचून दाखवलं. म्हटलं, आणि मालकिणीला शिंक आली तर? 'मालकिणीची शिंक कायद्यात येत नाही.'

मग व्यवस्था अशी. भाऊजी पुढे काचेपाशी, मशीनवर, जगाला दिसतील असे. मी मागे पडद्याआड, दुसऱ्या मशीनवर, जगाला दिसणार नाही अशी. दोन्ही मशीन एकदम चालवायची, म्हणजे आवाज पुढनं आला असं वाटतं. त्यासाठी भाऊजींना एक फडकं दिलं होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवायचं, फिरवायचं, परत शिवायचं. दिवसभर! दुसरं काही नाही! त्या फडक्याला इतके टाके पडले, इतके टाके पडले, की शेवटी ते खाली ठेवलं तर आपलं आपण उभं राहायचं! अहो, हसताय काय, त्या फडक्याचा पगार मी देत होते! आणि तिकडनं फोनवर सासूबाई, 'माझ्या धाकट्याला दिवसभर मशीनला जुंपतेस गं? त्याची पाठ लहानपणापासून नाजूक आहे!' थोरल्याची पाठ खोक्यांखाली मोडली, ती काय लोखंडाची होती?

आणि काम तर असं चाललं म्हणता! एका मोठ्ठ्या बाईंचा कोट, तीन दुकानांनी नाही म्हटलेला, मी मागे बसून उसवला, खांदे उतरवले, अस्तर बदललं, असा बसला की बाई आरशासमोरनं हलेनात. आणि हात कुणाचे हातात घेतले? भाऊजींचे! 'काय बोटं आहेत हो तुमची!' मला वाटलं लाजतील. छे! छातीवर हात ठेवून म्हणतात कसे, 'सवय आहे.' सवय!! मी पडद्याच्या फटीतनं बघतेय, बोटाला सुई टोचलेली, बोट तोंडात! मालकिणीनं हात लावायचा नाही ना, मग टोचलं तरी कुणाला टोचलं?

बरं, लोक म्हणाले ते म्हणाले. पण मग भाऊजीच जेवताना ह्यांना सांगायला लागले, 'दादा, आज तो कोट काय बसवला म्हणून सांगू! खांद्यातच सगळी गंमत असते बघ.' मी पातेल्यातला डाव तसाच धरून उभी. ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणतात, 'अगं, वाढ ना त्याला, दमलाय.' आणि सासूबाईंचा सूरच पालटला, 'माझ्या धाकट्यानं परक्या मुलखात दुकान चालवून दाखवलं हो!' असून अडचण नसून खोळंबा म्हणतात ना, तसा माणूस हा, आणि बघता बघता कारागीर झाला!

मी गिळलं सगळं. का? तर पाटीवर ठमी होती. ती शाळेत सांगायची, माझी आई मालकीण आहे! परवा परवापर्यंत सांगायची. फोनवर विचारायची, 'आई, मालकीण म्हणजे तुला कुणी ओरडत नाही ना?' म्हटलं, नाही गं राणी, मीच ओरडते. मग हळूच भाऊजींकडे बघायचे, झोपलेत ना म्हणून.

आता ऐका. हे महत्त्वाचं. एक मुलगी आली, लग्न चार दिवसांवर, झगा पायघोळ, कमरेत सैल, खालून फरफटतोय. असल्या कामाला टाचण्या अंगावरच लावाव्या लागतात, पडद्यामागे नेऊन चालत नाही. आमची नेहमीची पद्धत, मुलगी स्टुलावर, भाऊजी खाली गुडघ्यावर, मी बाजूला हात मागे धरून देखरेख करत. 'भाऊजी, डावीकडे दोन बोटं. डावीकडे! तुमची डावी नाही, तिची! वर… फार वर नाही…' आणि भाऊजींनी टाचणी घुसवली ती तिच्या पोटरीत! पोरगी अशी किंचाळली! झग्यावर रक्त लागणार, पांढराशुभ्र झगा, रडकुंडीला आलेली पोर, आणि मला राहवेना. कुणाला राहवेल? माझी ठमी एक दिवस अशीच उभी असेल. सरका म्हटलं भाऊजींना, बसले खाली, टाचण्या घेतल्या तोंडात, नेहमी धरते तशा ओठांत, आणि लागले लावायला. अहो, कितीतरी महिन्यांनी उजेडात काम करत होते! झग्याचा घेर असा सरसर जमायला लागला…

आणि दाराची घंटा वाजली. तपासनीस बाई!

कोण काम करतंय, कागद आहेत का, हे बघत फिरतात त्या. मी ताडकन उठले, हात मागे, तोंड बंद. हात लपवता येतात हो, टाचण्यांचं काय करणार? तोंड उघडलं की टाचण्या, टाचण्या म्हणजे काम, काम म्हणजे गुन्हा, गुन्हा म्हणजे गाठोडं बांधा आणि चला! त्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, 'ह्या दुकानाचे मालक कोण?'

आता बघा! अख्ख्या जगात मला कायद्यानं एवढं एकच वाक्य बोलायची परवानगी होती. 'मी मालकीण आहे.' एवढंच! त्याच्यासाठी सोनं मोडलं, त्याच्यासाठी पडद्याआड बसले, आणि ते विचारायला सरकार स्वतः दारात आलं, तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच हो! मी भाऊजींकडे बघितलं. भुवया वर केल्या, मान हलवली, डोळ्यांनी सांगितलं, माझं नाव घ्या, माझं, वहिनीचं! भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'मीच.'

मीच!!

'आणि ह्या कोण?' 'आमच्या वहिनी. घरी करमत नाही, म्हणून येऊन बसतात.' 'बोलत नाहीत?' 'लाजतात.' लाजतात! माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, तर भाऊजी म्हणतात, 'हळव्या आहेत जरा.' आणि ती स्टुलावरची पोरगी, गुणाची बिचारी, तिला वाटलं आपणही ह्या बाईला वाचवावं, ती काय म्हणाली? 'ह्यांनी काही केलं नाही हो, ह्या नुसतं माझा झगा धरून बसल्या होत्या. सगळं हेच करतात, फार मोठे कारागीर आहेत.' तपासनीस बाईंनी मशीनवरचं ते फडकं उचललं, बोट फिरवलं. 'हे काय?' भाऊजी म्हणाले, 'नमुना.' त्या म्हणाल्या, 'फारच मजबूत आहे!' मालक म्हणून भाऊजींचं नाव लिहून घेतलं, शुभेच्छा दिल्या आणि गेल्या. सगळ्यांनी मिळून मला वाचवलं हो. वाचवता वाचवता बुडवलं.

टाचण्या काढल्या तेव्हा ओठातनं रक्त आलं. म्हटलं, भाऊजी, हे काय बोललात? तर म्हणतात, 'वहिनी, मी तुम्हालाच वाचवलं! उपकार राहू देत, निदान ओरडू तरी नका.'

धावत आले इथे. परंतुसाहेब डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, 'आता नोंदीत मालकीण तुम्ही आणि तपासनिसांकडे मालक ते. त्या ताडून बघणारच. जाऊन खरं सांगा, परंतु मग ते खोटं बोलले म्हणून अडकतील, आणि तुम्ही गप्प का उभ्या होतात ह्याचं उत्तर द्यावं लागेल. नाहीतर ते बोलले तेच खरं करून टाका.' म्हणजे? 'म्हणजे दुकान त्यांच्या नावावर करा.' म्हटलं, आणि माझा कागद? मालक म्हणून मिळणार होता तो? माझी ठमी? साहेबांनी पुस्तक मिटलं. अहो, परंतुसुद्धा म्हणाले नाहीत.

घरी बैठक बसली. हे भिंतीकडे बघत म्हणतात, 'घरातल्या घरातच राहतंय ना? भाऊच आहे माझा, परका आहे का?' सासूबाई फोनवर, 'तुझं काय आणि त्याचं काय गं, एकच! एवढा जीव कसा अडकतो तुझा?' म्हटलं, आई, एकच आहे ना, मग माझंच राहू दे की! तर म्हणतात, 'बघ, लगेच तुझं-माझं केलंस!' मी म्हटलं, अहो, पोर आणायची होती मला. माझी पोर. भाऊजींनी जांभई दिली.

दिलं करून. काय करणार होते? आयत्या बिळावर नागोबा बसला. पाटी उतरवताना मी बघितलं नाही, मागे पडद्याआड जाऊन उभी राहिले. आता भाऊजींचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, भाऊजी, मग मला निदान कामाला तरी ठेवा, पगारी. तर किती कळवळून म्हणाले, 'वहिनी, तुमच्यासारखी कारागीर मिळणार आहे का मला? आजच्या आज ठेवली असती हो. पण तुमच्याकडे कागद नाहीत ना! बिनकागदाचा माणूस ठेवला तर मला दंड होतो. मालक आहे मी, मला सगळं बघावं लागतं.'

पुन्हा इथे. परंतुसाहेबांनी मला लांबूनच बघितलं आणि चहा सांगितला. पुस्तकं चाळली, फोन केले, आणि एकदम खुर्चीतनं उठलेच! 'बाई, मार्ग आहे! घरच्या माणसानं घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावला, तर त्याला काम म्हणत नाहीत. त्याला मदत म्हणतात. तुम्ही शिवा! काचेपाशी बसून शिवा! परंतु एक पैसा घेऊ नका.'

ऐकलंत? पगार नसला की ते काम नसतं! अहो, एवढंच होतं तर हे मला माहेरी शिकवलं होतं, सासरी पाठ करून घेतलं होतं, त्यासाठी घर विकून इतक्या लांब कशाला आले मी? आता बसते ना, ऐटीत, पुढे, काचेपाशी, भर उजेडात. पडदा काढून टाकलाय. तपासनीस बाई रस्त्यानं जाताना हात करतात, मी टाचण्या तोंडात धरून मान हलवते. परवा आत येऊन स्कर्टची उंची कमी करून घेऊन गेल्या. आणि भाऊजी? देखरेख करतात. मालकानं हात लावायचा नाही! ते फडकं त्यांनी चौकटीत घालून भिंतीला लावलंय. खाली लिहिलंय, 'आमचं पहिलं काम.'

काल ठमीचा फोन आला. म्हणाली, 'आई, नवीन बाई आल्यात वर्गावर. विचारलंय, आई काय करते? मालकीणच सांगू ना?' तोंडात एक टाचणी नव्हती हो, तरी शब्द फुटेना. मग म्हटलं, सांग, आई काही करत नाही. घरीच असते. तर ती म्हणाली, 'पण आई, घरी तर तू नसतेसच.'

…

आला बघा तुमचा नंबर. उठा, उठा, पिशवी घ्या. साहेब खरंच भले आहेत हो. जा, मालक होऊन या.